विहिरीतले मासे

बदकांपासून सुरुवात करते, कारण माझं डोकं आधी त्यांनी फिरवलं.

माझी भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं बंगळूरला जे. पी. नगरमध्ये माझ्या वरच्याच मजल्यावर राहतात, त्यामुळे त्या घरातलं काही माझ्यापासून लपत नाही. ही मुलगी धड बोलायला लागायच्या आधीपासून चित्रं काढायची. वर्तमानपत्राच्या कडेला, औषधाच्या खोक्यावर, आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर. शाळेच्या स्पर्धेत तिनं आमच्या इमारतीमागच्या तळ्याचं चित्र काढलं. काठावरचं गवत, तारेचं कुंपण, पलीकडच्या इमारती, सगळं नीट रंगवलेलं आणि मधलं पाणी तेवढं कोरं. भर दुपारी ते तळं तसंच दिसतं, बघवत नाही इतकं पांढरं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना मात्र ते अपुरं वाटलं. पोरीला वेळ पुरला नसेल बिचारीला, असं म्हणून त्यांनी स्वतः ब्रश घेतला, पाणी निळं करून टाकलं आणि वर दोन बदकं घातली. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं.

भावानं ते फ्रेम करून हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. बदकं गुबगुबीत होती, हसत होती आणि त्यांना पापण्या होत्या. पापण्या! लोक म्हणायचे, काय गोड बदकं काढलीत गं. बक्षीस मिळालं त्याच आठवड्यात पोरीनं आपली रंगांची पेटी पाच वर्षांच्या भावाला देऊन टाकली आणि नंतर कित्येक महिने हातात पेन्सिल धरली ती फक्त गणितं सोडवायला.

"अगं, अभ्यास वाढलाय तिचा," भाऊ म्हणाला. "मुलांच्या आवडी बदलतात. आता तिला स्विमिंगला घालतोय."

मी चहाचा कप घेऊन त्या बदकांसमोर बसायचे आणि चहा कडू लागायचा. पोरीनं चित्रं सोडली होती आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग मला ते विहिरीचं चित्र आठवलं. मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला नवीन आले तेव्हा कारखान्यातली एक मैत्रीण मला देवनहळ्ळीच्या पुढे एका मोठ्या चित्रकाराच्या घरी घेऊन गेली होती. चित्रकार तोवर वारले होते. त्यांची पत्नी येणाऱ्याला पाणी देऊन आत सोडायची, बस. ओसरीवर एकच चित्र होतं, त्यांच्याच परसातल्या विहिरीचं. दगडी काठ, काठावर फणसाची सावली आणि पाण्याच्या जागी कोरा कागद. मी इंजिनियर, चित्रातलं मला काही कळत नाही. पण त्या कोऱ्या जागेकडे बघताना हातापायांना गार लागलं होतं, हे मला पक्कं आठवतं. ठरवलं, पोरीला त्या चित्रासमोर उभं करायचं. एवढ्या मोठ्या माणसानं पाणी कोरं सोडलं आणि त्यात कुणी बदकं घातली नाहीत, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. बाकी मला काही करायचं नव्हतं.

एका रविवारी दोघांना घेऊन निघाले. धाकट्यानं रंगांची पेटी सोबत घेतली होती, तो ती झोपतानाही सोडत नसे. सगळं शहर आडवं कापून जायचं म्हणजे कॅबमध्ये बसून अंग आंबून जातं. देवनहळ्ळीच्या पलीकडे पूर्वी नाचणीची शेतं आणि द्राक्षांचे मांडव होते. आता दोन्ही बाजूंना प्लॉट पाडलेल्या लेआउटच्या कमानी होत्या, त्यांवर युरोपातल्या गावांची नावं आणि आत नुसती लाल माती आणि विजेचे खांब.

चित्रकाराच्या घराच्या फाटकाशी पोचलो आणि मला वाटलं पत्ता चुकला. घर कुठल्याशा ट्रस्टनं ताब्यात घेतलं होतं आणि त्याचा विकास केला होता. फाटकाशी माणसाच्या उंचीची इंग्रजी अक्षरं होती, मध्ये लाल बदाम आणि त्या बदामात बसून फोटो काढायला रांग. मनगटाला कागदी पट्टे बांधून आम्हाला आत सोडलं, दवाखान्यात भरती करून घेतात तसं. आतल्या लाल मातीवर प्लास्टिकची हिरवळ अंथरली होती, उन्हानं तापून तिला रबराचा वास सुटला होता. झाडांच्या बुंध्यांत खिळे ठोकून दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. फणस मात्र तोच होता. त्याला मोठे पांढरे डोळे आणि मिशा चिकटवल्या होत्या.

"आत्या, झाडाला मिशी!" धाकटा नाचायला लागला.

बाकावर खुद्द चित्रकार बसलेले होते, फायबरचे. गाल गुलाबी, हातात ब्रश आणि शेजारची जागा मोकळी. एक बाई त्यांच्या मांडीवर तान्हं मूल ठेवून फोटो काढत होती. मुलाचं दूध उलटलं आणि चित्रकारांच्या धोतरावरून ओघळलं, तिनं ते ओल्या टिश्यूनं पुसलं आणि पुढच्या कुटुंबाला जागा करून दिली. मला शिसारी आली. माणूस मेल्यावर त्याचं हे करायचं? घरातही तोच प्रकार. जिथे चित्रकारांच्या पत्नीनं मला पाणी दिलं होतं त्या स्वयंपाकघरात पॉपकॉर्नचं यंत्र तडतडत होतं. लोण्याचा तो गोडसर, तेलकट वास भिंतींत मुरला होता आणि माझ्या केसांतही शिरला.

ओसरीवर चित्र नव्हतं. तिथे आरसा होता आणि त्यावर लिहिलं होतं की तूच खरी कलाकृती आहेस. मी गालाशी माइक लावलेल्या गाईड मुलीला विचारलं.

"ओरिजिनल स्टोअर में है, मॅम," ती म्हणाली. "लेकिन अंदर उससे भी अच्छा है. मूव्हिंग है."

आत म्हणजे एक काळीकुट्ट खोली. भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरमधून चित्र पडलं. तोच काठ, तीच सावली. मधलं पाणी जमिनीवर भलं मोठं, कोरं, पांढरं. मी भाचीचा हात दाबला. तेवढ्यात कुठूनतरी गळगळ आवाज झाला, पांढऱ्यावर निळा रंग ओतला गेला आणि त्यात नारिंगी मासे पोहायला लागले. मग कमळं उमलली. मग एक बेडूक आला. त्यानं डोळा मारला. त्याला पापण्या होत्या.

सगळी मुलं किंचाळत माशांवर उड्या मारायला लागली. आमचा धाकटा पोटावर पडून जमीन बडवत होता, त्याच्या आयुष्यात इतकं सुंदर काही घडलंच नव्हतं. भाची भिंतीला चिकटून उभी होती. पाय आखडून, पाण्यावर पडू नयेत असे. चेहरा अगदी कोरडा, हॉलमध्ये पाहुणे बदकांचं कौतुक करतात तेव्हा असायचा तसा. जे दाखवायला तिला शहर ओलांडून आणलं, नेमकं त्याचीच माती केलेली तिला दाखवली होती.

तिथपासून माझं तोंड सुरू झालं. "हे खरं नाही हं, राणी. मासे ह्यांनी घातलेत. खऱ्या चित्रात काही नाहीये. तुझ्या तळ्यासारखंच आहे. तुझं बरोबर होतं, समजलं ना? त्यांना कळत नाही. पाणी कोरं सोडायला हिंमत लागते." खोलीतून बाहेर येईपर्यंत, अंगण ओलांडेपर्यंत मी बोलतच होते. ती हूं म्हणत होती.

अंगणातल्या मांडवात मुलांसाठी कार्यशाळा होती. रांगेनं टेबलं मांडलेली आणि प्रत्येक मुलापुढे एकेक छापील कागद. कागदावर विहिरीचं चित्र, पाण्याच्या जागी तुटक रेघांचा गोल आणि खाली इंग्रजीत सूचना की चित्र पूर्ण करा. सर्वांत छान पूर्ण करणाऱ्याला बिल्ला.

तळपायाची आग मस्तकात गेली. मांडवातल्या बाईंना मी तिथल्या तिथे झापलं. "चित्र पूर्णच आहे. तुम्ही कोण पूर्ण करणार? ज्याच्या घरात उभ्या आहात त्याच्या कामाची थोडी तरी लाज ठेवा." हे सगळं मी मराठीत बोलले, मग हिंदीत, मग माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. बाई गोंधळून हसल्या.

"मॅम, बच्चे बोर हो जाते हैं ना, खाली छोडेंगे तो."

मागे रांग तुंबली होती. धाकट्यानं तेवढ्यात विहिरीत एक शार्क आणि एक बीएमटीसीची बस काढली आणि बिल्ला पटकावला. भाचीपुढचा कागद तसाच होता. मी तिला हाताला धरून उठवलं, कागद तिच्या हातातच राहिला आणि आम्ही तिघं घरामागे खऱ्या विहिरीकडे गेलो. म्हटलं, ती तरी खरी दिसू दे.

विहीर होती. वर लोखंडी जाळी, खाली हिरवट, बुळबुळीत पाणी आणि त्यावर थर्माकोलच्या तबकड्यांवर बसवलेली गुलाबी प्लास्टिकची कमळं. कमळांमध्ये चिप्सची पाकिटं, पॉपकॉर्नचे खोके आणि कुणाच्या तरी बाळाचा फुगलेला डायपर तरंगत होता. वास असा की नाकाला पदर लावावा लागला. एक कमळ जाळीवर अडकलं होतं, ते मी उपटायला गेले.

"मुट्टबेडी, मॅडम!" लांबून वॉचमन ओरडला. हात लावू नका म्हणे. डायपर चालतो, माझा हात चालत नाही.

भाची कुंपणाशी पडलेल्या एका लांबड्या दगडावर बसली, धाकटा तिच्या पायाशी. मी विहिरीजवळ कमरेवर हात ठेवून उभी होते आणि बोलत होते. "ही घाण मनात ठेवू नकोस. तू डोळे मिट आणि पाणी स्वच्छ आहे असं समज. दगड बघ कसे आहेत. सावली बघ, ती इकडून पडायची. तू घरी गेलीस की अशीच विहीर काढ, मधलं कोरं सोड, मी बाबाला सांगते ती बदकं उतरवून हे लाव म्हणून."

"आत्या, स्वल्प थांब ना."

"अगं, पण तुला कळलं पाहिजे की..."

"तू पण बदकं घालतेस," ती म्हणाली.

रागानं म्हणाली नाही. दप्तर जड आहे हे सांगावं तितक्या साधेपणानं म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच माझं तोंड मिटलं आणि ते मिटलेलं ठेवायला मला जीव खाऊन प्रयत्न करावा लागला.

थोड्या वेळानं तिनं भावाला विचारलं, "तुझा काळा देशील? फक्त काळा."

"परत देशील?"

"देईन."

"सरी," तो म्हणाला आणि पेटीतून काळा खडू काढून दिला. तिनं हातातला छापील कागद उलटा केला, मांडीवर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काढायला लागली. मी जवळ गेले नाही. ती वर बघायची, खाली बघायची. मध्येच माझ्याकडे बघायची आणि मी हलले की कपाळाला आठी घालायची, म्हणून मी त्या दुर्गंधीत नाकाला पदर न लावता तशीच उभी राहिले. पाय भरून आले. डास चावत होते. डायपर हळूहळू फिरत माझ्या बाजूला येऊन लागला.

कॅबमध्ये बसल्यावर तिनं कागद माझ्याकडे दिला. मला वाटलं होतं दगड, सावली, कोरं पाणी असेल. तसं काही नव्हतं. तिनं सगळं काढलं होतं. जाळी, कमळं, पाकिटं, डायपरसुद्धा, फुगलेला, अगदी हुबेहूब. आणि मधोमध, विहिरीहून मोठी, मी. कमरेवर हात, चष्मा, पदर खोचलेला, कपाळावरच्या तीनही आठ्या. चष्म्याखाली नाक आणि नाकाखाली कोरा कागद. तिथे तोंड काढलेलंच नव्हतं.

घरी आल्यावर भावानं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मनापासून खूश झाला. "अरे वा! किती दिवसांनी! आत्या तर काय जमलीये!" मग जरा निरखून म्हणाला, "अगं, पण आत्याचं तोंड राहिलं की," आणि शर्टाच्या खिशात पेन चाचपायला लागला.

मी त्याच्या हातावर चापट मारली.