येत्यात की मागनं
तापल्या दगडावर पाणी सांडल्याचा वास आला, की पन्नास वर्षांमागचा तो कोल्हापूरजवळचा उघडाबोडका डोंगर आठवतो. पेठेतले आम्ही दोस्त मिळून जाणार होतो, पण ऐनवेळी सगळे फुटबॉलला पळाले आणि मी एकटाच चढलो. ऊन असं, की माझी सावलीसुद्धा निम्म्यातनं परत गेली. माथ्यावरनं अख्खा मुलूख दिसत होता, पण दाखवायला कुणी नव्हतं. मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, “एकटंच व्हय, पावणं?” “दोस्त येत्यात की मागनं,” मी ठोकून दिलं, आणि तापल्या दगडावर जवळचं पाणी ओतून, त्यावर उन्हं कलेपर्यंत वाटेकडं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तालमीत सांगितलं, वर बिबट्याशी कुस्ती झाली. “बघितलं कुणी?” “बिबट्यानं!” सगळे हसत भोवती जमले. आजही तो बिबट्या मी दरवर्षी वीतभर वाढवतो; माणसं तेवढीच जवळ सरकून बसतात.