पाथरी रोडवरची माझी साक्ष

या सदरातले भुताटकीचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बरेचसे हसत वाचलेत. आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नाही. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. वडील रोज सकाळी पंचशील म्हणतात. गावात कुणाच्या अंगात आलं की आई म्हणते, "तिला आधी दवाखान्यात न्या, मग नारळ फोडा." मी स्वतः आमच्या सगळ्या नातेवाइकांमध्ये पहिला ग्रॅज्युएट. आज परभणीत एका खाजगी शाळेत शिकवतो. पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला मीच देतो...

तरीही हे लिहितोय, कारण मला दुसरीकडे कुठे सांगता येत नाही. का, ते शेवटी कळेल. नावं मुद्दाम देत नाही.

माझं गाव गंगाखेडजवळ. थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, परभणीजवळ पेडगावला दिलेलं. तिचे मालक, आमचे दाजी, शाळा चौथीत सोडलेला माणूस. तीन एकर शेत आणि मिळेल तेव्हा गवंडीकाम. पण मी बारावी पास झालो तेव्हा वडिलांना म्हणाले, "मामा, ह्याला कामावर धाडू नका. ह्याचं कॉलेज माझ्याकडं लागलं." आणि तीन वर्षं त्यांनी शब्द पाळला. फी, पुस्तकं, गंगाखेडची खोली, सगळं. मला ते लाडानं 'साहेब' म्हणायचे. मी भेटलो की पहिला प्रश्न ठरलेला : "काय साहेब, किती पेपर राहिले?"

बी.ए.चा माझा शेवटचा पेपर होता त्या दिवशी दाजींचा अपघात झाला.

मार्च संपत आला होता. दाजी सकाळी मोटारसायकलवर पेडगावहून परभणीला निघाले. फवारणीच्या पंपाचा वायसर गेला होता, तेवढ्यासाठी. पाथरी रोडनं शहरात शिरताना दुभाजक सुरू होतो, तिथं एका टेम्पोनं त्यांना मागून उडवलं. वेळ साडेअकराच्या आसपास. टेम्पो निघून गेला. पुढच्या वळणावरच्या एका दुकानदारानं भरधाव जाणाऱ्या टेम्पोचा नंबर टिपला, म्हणून गुन्हा तरी दाखल झाला.

त्या वेळी मी गंगाखेडला कॉलेजच्या हॉलमध्ये पेपर लिहीत होतो. पेपर दहा ते एक. एक गोष्ट तेव्हा मला किरकोळ वाटली होती, ती इथेच सांगतो. तिसरा प्रश्न लिहायला घेतल्याचं मला आठवतं... आणि त्यानंतर एकदम सुपरव्हायजर बाई माझा खांदा हलवत होत्या ते आठवतं. "अरे, बरं वाटत नाही का? वीस मिनिटं झाली, नुसता बसलायस." माझा डावा पाय मांडीपासून बधिर झाला होता. जागरणानं डोळा लागला असेल म्हणून मी घाईघाईनं उरलेलं लिहिलं. काठावर पास झालो.

दुपारी फोन आला. मी तसाच एसटीनं परभणीला दवाखान्यात गेलो. दाजींचा डावा पाय मांडीत आणि नडगीत मोडला होता, डोक्यालाही मार होता. दोन दिवस ते बेशुद्ध होते. मधूनच पुटपुटायचे, "बेल झाली का? बेल झाली का?" अक्का रडता रडता हसली. "बघ की, चौथीत शाळा सोडलेला माणूस... आता बेल आठवायलीय." शुद्धीवर आल्यावर दाजींना अपघाताचं काहीच आठवत नव्हतं. घरातून निघाल्याचं तेवढं आठवत होतं.

पायात रॉड टाकला, पण हाड नीट जुळलं नाही. दुसरं ऑपरेशन लागणार होतं, ते आमच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून परभणीच्या कोर्टात मोटार अपघाताचा दावा लावला. तिथं अडकलं. टेम्पोवाला पाथरीकडचा, टेम्पोचा मालक पण तोच. त्यानं लेखी दिलं की माझी गाडी त्या दिवशी तिकडे गेलीच नाही. विमा कंपनी म्हणाली की गाडी खोटी गोवली आहे. ज्यानं नंबर टिपला तो दुकानदार दुकान बंद करून पुण्याकडे गेला होता, समन्स घेईना. असे दोन-अडीच वर्षं दाजी कुबड्या घेऊन तारखेला येत राहिले.

मग एक दिवस आमचे वकीलसाहेब मला म्हणाले, "डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार पाहिजे. तू शिकलेला आहेस, अडखळायचा नाहीस. तू तिथं चहा पीत उभा होतास, असं शपथपत्र करू."

"साहेब, मी तर गंगाखेडला..."

"ते तुला माहीत. त्यांना माहीत नाही. अरे, अपघात खरा, पाय खरा, टेम्पो खरा. फक्त बघणारा कमी पडतोय."

ही पद्धत नवीन नाही, हे मला नंतर समजलं. बघणारा कमी पडला की घरातला माणूस उभा करतात. मजकूरही तयारच असतो. 'मी रस्त्याच्या कडेला चहा पीत उभा होतो.' किती जणांनी कागदावर तो चहा प्यायला असेल कोण जाणे.

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी अक्का बोलली. "त्यांनी तुला तीन वर्षं शिकवलं. तुझ्या तोंडातून त्यांच्यासाठी तीन वाक्यं निघंनात?"  मी सही केली. सही करताना वडिलांचा सकाळचा आवाज कानात होता... मुसावादा वेरमणी. मी खोटं बोलणार नाही. दर पौर्णिमेला विहारात मीही ते म्हणत आलोय.

त्यानंतर महिनाभर मला नीट जेवण गेलं नाही. साक्ष दिली तर मी खोटा. नाही दिली तर दाजींचा पाय असाच राहणार. कुठूनही बाहेर पडायला वाट नव्हती.

उलटतपासणीच्या तारखेला सकाळी कोर्टाच्या आवारात दाजींच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. "दाजी, मला खोटं बोलवत नाही."

ते जरा वेळ कुबडीच्या टोकानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "मग नको बोलू की. मी कवा म्हणलो बोल म्हणून? तुझी अक्का म्हणली."

"पण पाय..."

"पाय माझा हाय न्हवं? तुला लय शिकवलं ते ह्याच्यासाठी न्हाई, साहेब. जा. खरं काय ते सांग."

मला रडूच आलं. पण छाती हलकी झाली. ठरवून आत गेलो. विमा कंपनीच्या वकीलबाई विचारतील की तुम्ही तिथं नव्हता, आणि मी म्हणणार : खरं आहे, नव्हतो. बस्स.

कोर्टहॉलमध्ये मी प्रतिज्ञा घेतली. मागच्या बाकावर पन्नाशीचा एक काळासावळा माणूस टोपी हातात घेऊन बसला होता. तोच टेम्पोवाला, हे मला वकीलसाहेबांनी दाखवलं होतं. विमा कंपनीच्या वकीलबाईंनी शिक्षण विचारलं, नातं विचारलं. मग म्हणाल्या, "माझं म्हणणं असं आहे की, अपघाताच्या वेळी तुम्ही त्या जागेवर हजरच नव्हता. जखमी तुमचे मेव्हणे आहेत म्हणून तुम्ही खोटी साक्ष देताय."

मी तोंड उघडलं. 'खरं आहे' हे शब्द जिभेवर होते, शपथेवर सांगतो. आणि मी म्हणालो, "हे खरं नाही."

माझाच आवाज. पण मी बोललो नव्हतो.

त्याच क्षणी डावा पाय गेला. मांडीपासून खाली काहीच नाही. मी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. मला पाय हलवायचा होता, तिथून निघायचं होतं, पण पायावर काहीतरी गरम आणि जड पडलेलं होतं आणि ते उचलता येत नव्हतं. डिझेलचा वास आला. समोर न्यायाधीश दिसत नव्हते. डोळ्यांसमोर एक चाक होतं, अगदी जवळ. त्याच्या खाचेत अडकलेला खडा मला दिसत होता. आणि माझं तोंड बोलत होतं. टायपिस्टला पुरेल इतक्या सावकाश बोलत होतं.

मी काय बोललो ते नंतर माझ्या साक्षीच्या नकलेत वाचलं. टेम्पो पुढे जाऊन थांबला. मागे ताडपत्री होती, ती दोरीनं नाही, लाल काठाच्या साडीच्या पट्टीनं बांधलेली होती. ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. त्यानं जखमीचं डोकं मांडीवर घेतलं, बाटलीनं पाणी पाजलं. टोपीनं तोंडावरचं रक्त पुसलं. तो म्हणाला, "मामा, उठू नका. हलू नका. मी आलोच." मग तो टेम्पोत बसला आणि निघून गेला. जखमी माणूस तो परत यायची वाट बघत राहिला.

 वकीलबाई कागद मिटत म्हणाल्या, "आणखी प्रश्न नाहीत."

मी कसाबसा बाहेर आलो. वकीलसाहेब खूश होते. "अरे, हे सगळं शपथपत्रात का नाही सांगितलंस? साडीची पट्टी काय, चप्पल काय! कादंबरी लिही तू."  

मग टेम्पोवाला आला. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला. "सर, तुमी कुठं व्हते?"

मी जायला वळलो.

"मी चौफेर बघितलं व्हतं, सर. जायच्या आधी. कुत्रंबी नव्हतं. म्हणून तर गेलो. त्ये टोपीचं, त्ये... 'आलोच' म्हणल्याचं... मी घरच्या बाईला सुदिक सांगितलं न्हाई. टोपी जाळून टाकली. तुमी कुठं उभे व्हते, एवढंच सांगा."

माझा हात आपोआप खाली गेला. जमिनीकडे.

 "तिथं तर मामा पडले व्हते," तो म्हणाला.

पुढच्या तारखेला तो स्वतः पिंजऱ्यात उभा राहिला आणि सगळं कबूल केलं. दाजींच्या पाया पडायला गेला तर दाजी म्हणाले, "पाया काय पडतो? एक पाय तर तूच नेलास!" आणि स्वतःच हसले. निकाल आमच्या बाजूनं लागला. दुसरं ऑपरेशन झालं. आज दाजी काठी घेऊन शेतापर्यंत जातात.

इथं संपलं असतं तर मी योगायोग म्हणालो असतो. कुठंतरी ऐकलं असेल, मनात साठलं असेल, असं.

पण ऑपरेशननंतर मी पेडगावला गेलो होतो. दुपारची वेळ, दाजी बाजेवर, मी खाली. अक्का आत भाकरी थापत होती. दाजी सहज म्हणाले, "साहेब, एक इचारू? हसणार न्हाई ना?"

"विचारा की."

"मी बेशुद्ध व्हतो ना, तवा मी एका शाळंत बसलो व्हतो. मोठा हॉल. सगळी पोरं लिहायलीत आन् मी म्हातारा मधीच. हिरव्या साडीतल्या बाई फिरायल्यात. मला उठायचं व्हतं, माझं काम व्हतं कायतरी परभणीत... पण उठता येईना. बेल झाल्याबिगर सोडत न्हाईत म्हणं. आन् बेल काही होईना. आजबी डोळा लागला का तिथंच जातो. बेल होतच न्हाई." मग बोटानं बाजेच्या लाकडावर रेघ ओढत म्हणाले, "माझ्या हातापुढं बाकड्यावर कोणीतरी बैल कोरला व्हता. तीनच पाय त्याला. चौथा ऱ्हायलेला."

 तो बैल माझ्या बाकावर होता. त्या दिवशी उत्तरपत्रिका ठेवताना मी तो बघितला होता आणि मनात म्हणालो होतो, कोरणाऱ्याचा वेळ संपला वाटतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

"दाजी... मग तुम्ही काय केलं तिथं?"

"काय करणार? मला तसलं वाचाया येतंय व्हय? समोर एक छापील कागद व्हता. कागद समोर आला का सही करायची, एवढंच आपल्याला ठाऊक. केली सही. मागच्या बाजूला."

आतून अक्का ओरडली, "जेवा आता, गप्पाच मारायलेत!" आम्ही जेवलो.

त्या पेपरची छापील प्रश्नपत्रिका माझ्याकडे आहे. शेवटचा पेपर म्हणून जपून ठेवली होती. गावाकडे, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, मार्कशीटच्या खाली. दाजींची सही मी कुठेही ओळखीन. माझ्या कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर पालकाच्या जागी तीच आहे.

आता माझी अडचण समजली असेल. कागदाची मागची बाजू कोरी निघाली, तर मी त्या दिवशी गंगाखेडलाच होतो आणि कोर्टात प्रतिज्ञेवर खोटं बोललो. सही निघाली, तर मी खरं बोललो... पण मग दाजी त्या बाकावर अजून बसलेलेच आहेत, आणि त्यांच्या जागेवर, त्या रस्त्यावर, मी.

त्यानंतर मी चार वेळा गावी गेलो. प्रत्येक वेळी शिडी लावली. पेटीच्या कडीला हात लावला की डावा पाय बधिर होतो. मी खाली उतरतो.

कुणाला याचा काही अर्थ लागत असेल तर कळवा. मला लागलेला नाही.