उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ

मुरलीदाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात, आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये उभी होते. फोन ताईचा नव्हता, तिच्या शेजारणीचा होता. ‘तुम्ही जल्दी निघा’ एवढंच ती म्हणाली आणि मला कळायचं ते कळलं. समोर मुलींची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. प्रत्येक स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीकसं घड्याळ असतं... दाराकडे जाताना मी एकेका स्क्रीनवरचं ते घड्याळ बघत गेले. मला ते दिसतंय, याचीच जणू खात्री करून घेत होते. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण दाजींचं मरण आमच्या घरात त्याच कोपऱ्यातून आलं, म्हणून तिथूनच सांगायला लागतं.

मुरलीदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. भोकरदनला बसस्टँडपाशी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तालुक्यातले निम्मे संसार आपल्या कॅमेऱ्यासमोर सुरू झाले असं ते सांगत, आणि कोणी हसलं की रुसत. गुडघ्यांनी दगा दिल्यावर स्टुडिओ दुसऱ्याच्या हवाली करून ते घरी बसले आणि कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम जुळवायला लागले. या कामात त्यांच्याइतका कटकट्या माणूस मी पाहिला नाही. हल्लीची पोरं पान नीट भरावं म्हणून फोटो आरशातल्यासारखा उलटा करतात, याचा त्यांना भारी संताप. ‘पदर उजव्या खांद्यावर जातो, नवरी नवऱ्याच्या दुसऱ्या अंगाला जाती. माणसाला त्याच्याच फोटोत खोटं पाडायचं न्हाई,’ हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की पुढेपुढे मीच त्यांच्याआधी म्हणून टाकायची.

त्यांचा जुना मॉनिटर बंद पडला तेव्हा त्यांच्या भाच्याने पुण्याहून पाठवलेला मोठा टीव्ही भिंतीवर होताच. केबल लावून कॉम्प्युटर त्याला जोडून दिला तो मी. पहिल्याच दिवशी चारी कडा कापलेल्या. खालची पट्टी अर्धी, घड्याळ गायब. दाजी म्हणाले, तुझा टीव्ही घड्याळ गिळतो. काही टीव्हींना चित्र थोडं ताणून कडा बाहेर ढकलायची खोड असते. मी रिमोटवरून पिक्चर साइज बदलला आणि घड्याळ जागेवर आलं. ‘मास्तरीणबाई पास,’ असं म्हणून त्यांनी ताईला चहा टाकायला सांगितलं.

मग त्या घरात एक नवीनच रीत सुरू झाली. टीव्ही दाजींच्या कामात अडकल्यामुळे ताईच्या मालिका बुडाल्या, आणि त्याऐवजी ती संध्याकाळी लोकांची लग्नं बघायला लागली. दाजींच्या उजव्या हाताला तिची प्लॅस्टिकची खुर्ची असे. भिंतभर हळद, भिंतभर वरात, आणि ताई भाजी निवडत सांगतेय, ही राजूरच्या अमक्याची सून, हिची आई माझ्या वर्गात होती. दाजी वैतागल्यासारखं करत, पण ती स्वयंपाकघरात गेली की त्यांचं काम थांबायचं. दोघांच्या भांडणाची मी साक्षीदार आहे, पण इतकी सुखाची दोन माणसं मी फार बघितली नाहीत, हेही लिहून ठेवते.

गेल्या दिवाळीनंतर दाजींचा फोन आला, घड्याळ पुन्हा गेलं म्हणून. मी रिमोटचं बटण सांगितलं. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितलं. मग स्क्रीनवरच्या ओळींची शेवटची अक्षरं म्हणे कापली जाऊ लागली. तीर्थपुरीच्या एका लग्नाचा अल्बम त्यांनी असा जुळवला, की प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी आणि कडेला उभा असलेला नवरदेवाचा मामा पार अल्बमबाहेर. ती मंडळी सभ्य, हसण्यावारी नेलं. दाजींनी दोष टीव्हीवर ढकलला. तिकडे ताई फोनवर कुरकुरत होती, की ह्यांना आता माझ्या हातची भाजी आवडत नाही; चटणी-लोणच्याशी भाकरी खातात आणि ताटात उजवीकडे भाजी वाढलेली तशीच. दाराच्या चौकटीवर उजवा खांदा आपटला, तर म्हणे गुडघ्यामुळे तोल जातो. तिची खुर्चीसुद्धा त्यांनी उचलून डाव्या हाताला ठेवली, तिकडे पंख्याचा वारा लागतो म्हणून... थंडीच्या दिवसांत. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण मिळत होतं, आणि ती सगळी कारणं मिळून मला काही चैन पडू देत नव्हती. टीव्ही कापतो तेव्हा चारी बाजूंनी कापतो. हा एकाच बाजूने कसा कापायला लागला?

संक्रांत झाल्यावर त्यांनी नवीन केबल आण म्हणून निरोप धाडला. ‘केबल बदलली की येईल बराबर,’ असं ते ताईला रोज सांगत होते म्हणे. मी केबल घेऊन भोकरदनच्या बसमध्ये बसले. घरात गेले तेव्हा दुपारचं लख्ख ऊन खोलीत आलं होतं, टीव्हीवर कुणाचा तरी अल्बम उघडा होता, आणि जुन्याच केबलवर चित्र काठोकाठ पूर्ण होतं. चारी कडा जागेवर. घड्याळही होतं. मी उगाच जुनी केबल काढली, नवी लावली, हात झटकले आणि विचारलं, आता दिसतंय का घड्याळ?

‘न्हाई,’ दाजी म्हणाले. ‘तुझी केबल बी तसलीच निघाली.’

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. कप त्यांच्या हाताशी धरलेला, वाफ निघतेय. दाजी माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘आज चहाचं काही दिसत न्हाई आपल्या नशिबात.’ ताईला वाटलं थट्टा चाललीय. ती हसली, तसे ते दचकले आणि मान वळवून तिच्याकडे बघायला लागले. त्या खोलीत टीव्ही ठीक होता, केबल ठीक होती, वीजही होती. बिघाडाला आता एकच जागा उरली होती आणि ती माझ्यासमोर बसून चहा फुंकत होती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगवत नाही. छत्रपती संभाजीनगरला नेलं, तपासण्या झाल्या. डोळे शाबूत होते. मेंदूत डावीकडे, मागच्या अंगाला गाठ होती, आणि तिने दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू पुसून टाकली होती. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून. दाजी ठामपणे म्हणाले, आत्ताच, संक्रांतीनंतर. ऑपरेशन झालं, थोडे दिवस बरे गेले, मग तापाने घेरलं आणि उन्हाळा सरायच्या आत ते गेले.

तेराव्यापर्यंत येणारा प्रत्येक जण ताईला सांगून गेला, की नशीब म्हणायचं, फार कळलं नाही त्यांना. ताई मान हलवायची. सगळे गेल्यावर मला विचारायची, ‘खरंच कळलं नसंल का गं? का कळूनबी एकटेच भेत बसले? मला का न्हाई सांगितलं मंग?’ हा एकच प्रश्न, भांडी घासताना, केस विंचरताना. मी म्हणायची, कळलं नसणार. मला तरी कुठे माहीत होतं?

मागच्या आठवड्यात ताईने निरोप पाठवला, की टीव्ही लावून दे, घर खायला उठतं. केबल काढून कॉम्प्युटर बाजूला ठेवायच्या आधी मी तो एकदा सुरू केला. अल्बम वगैरे काही उघडलेलं नव्हतं, त्यामुळे डेस्कटॉपवर मागे लावलेला फोटो प्रथमच सबंध दिसला. राजूरच्या देवळाबाहेर दोघं उभे आहेत तो. त्याच टीव्हीच्या शेजारी, भिंतीवर, तोच फोटो चौकटीत टांगलेला आहे. चौकटीत ताई उजवीकडे. टीव्हीवर ती डावीकडे. पदर उजव्या खांद्यावर, मागच्या पेढ्याच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी.

जन्मात कुणाचा फोटो उलटा न करणाऱ्या माणसाने हा केला होता.

मी माऊस हातात धरून तशीच बसले. ताई मागे येऊन उभी राहिली. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा टीव्हीकडे. म्हणाली, हा फोटो दिवाळीच्या साफसफाईत मी पुसायला काढला होता, तेव्हा ह्यांनी मागून घेतला, टीव्हीवर लावायचाय म्हणून. दिवाळीत. म्हणजे पहिल्या फोनच्या आधी, तीर्थपुरीच्या अल्बमच्या आधी, केबलच्या तर कितीतरी आधी. सगळा हिवाळा तो माणूस त्या खोलीत अर्ध्या जगासमोर बसून होता, आणि टीव्ही बिघडलाय असं आम्हाला सांगत होता. मागे वळून ताईकडे बघायचा धीर होईना.

ती डाव्या हाताला ठेवलेल्या आपल्या खुर्चीकडे गेली, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच खाली बसली.

‘म्हंजे मी दिसत व्हते त्यांला,’ ती म्हणाली. ‘शेवटपर्यंत.’

मी विचारलं, फोटो सरळ करून देऊ का. ती नको म्हणाली. आता ती कॉम्प्युटर लावायला शिकलीय. संध्याकाळी अल्बम उघडत नाही, मालिकाही बघत नाही. दाजींची खुर्ची रिकामी, त्या खुर्चीच्या डाव्या हाताला ताई बसलेली, आणि समोर तो उलटा फोटो. उजव्या कोपऱ्यात घड्याळ चालू असतं.