गोलरक्षकाचं वाकणं

दुकानाचा पडदा सारून गिऱ्हाईक आत आलं, की कुरामोची आधी त्याच्या हाताकडे बघायचा. हातात फोन दिसला, की मासळीच्या वड्यांची आच कमी करून पुढे यायचा.

"काका, एकदा वाका ना!"

आणि साठी उलटलेला हा एकेकाळचा फुटबॉलचा गोलरक्षक कमरेतून वाकायचा. जपानातल्या त्या शिमिझू गावात त्याच्या वड्यांपेक्षा वाकण्यालाच मागणी जास्त.

"फुकट किती वाकाल हो?" आतून बायको, मित्सुए, ओरडायची. "त्यांना चार वड्या तरी बांधून द्या!"

गोष्ट तरुणपणची. भर सामन्यात एक साधा चेंडू त्याच्या पायांमधून गोलात गेला. शरमेनं तो प्रेक्षकांकडे वळला, माफी मागायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. इकडे खेळ पुन्हा सुरू झाला. आपल्याच गड्यानं विश्वासानं चेंडू मागे त्याच्याकडे दिला, आणि तो चेंडू त्याच्या अंगावरून वारा जावा तसा रमतगमत जाळ्यात शिरला. पुढच्या मोसमात संघानं त्याला ठेवलं नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी ती चित्रफीत इंटरनेटवर टाकली, आणि खेळताना कधी मिळाली नव्हती ती वाहवा म्हातारपणी दारात येऊन उभी राहिली.

चित्रफितीत एक गोष्ट मात्र दिसत नाही. कठड्यापाशी डब्यातलं जेवण विकणारी एक मुलगी होती. सगळं मैदान शिव्या घालत असताना तिनं एकटीनं वाकून त्याला उत्तर दिलं होतं. समोरचं माणूस वाकलेलं असताना आपण आधी कसं उठायचं? तो तिच्यासाठी थांबला, ती त्याच्यासाठी.

तीच मित्सुए. घरातही रोज सकाळी हाच प्रवेश रंगायचा.

"उठा की! भात करपतोय."

"तू आधी."

शेवटी हसत तीच उठायची.

मंगळवारी मित्सुए गेली. तिथल्या रीतीप्रमाणे अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकासमोर वाकायचं, ते नवऱ्यानं.

"दाजी," मेहुणी फुमिए कानाशी आली, "आज नुसती मान हलवा. बाहेर दोघं फोन उगारून उभे आहेत. ताईचा तमाशा नको."

"बरं."

त्याला रडू येत नव्हतं. कुणी हसायच्या आत तिला नीट निरोप द्यायचा, एवढंच डोक्यात होतं. लोक आले, त्यानं मान हलवली. एक जुनं गिऱ्हाईक सवयीनं हसलं आणि ओशाळलं. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. उदबत्तीचा वास येत होता. डाव्या मोज्याला भोक होतं.

मग शवपेटी बंद करायची वेळ आली. तिच्यासमोर नुसती मान कशी हलवणार? तो वाकला. पुरता, कमरेतून.

कुणी हसलं नाही. तो वाट बघत राहिला.

"दाजी, झालं. उठा आता."

"थांब, ती अजून..." तो म्हणाला.

फुमिए पेटीच्या पलीकडे गेली, त्याच्यासमोर वाकली, आणि सावकाश ताठ झाली.

"हे बघा. मी उठले."

तेव्हा तो उठला. दारातला फोन चालू होता की बंद, त्यानं पाहिलं नाही. कंबर दुखत होती, एवढंच कळत होतं.