चार शनिवारांचा चमचा

शनिवार पेठेत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका बंद पडलेल्या छापखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि दारावर पाटी लागली, 'कोणीही या, काहीही बनवा.' लोक आले. बनवलं काय, तर की-चेन. महिनाभरात निम्म्या पेठेकडे स्वतःच्या नावाची की-चेन झाली. कुलपं तेवढी जुनीच राहिली.

दर शनिवारी तिथे बैठक जमे. हिंजवडीच्या एका कंपनीतला तरुण इंजिनिअर सगळं सांभाळायचा. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये बसून कंटाळलेला बिचारा इथे उभं राहायला येई. एक निवृत्त मास्तर फक्त चहाला येत आणि यंत्रांपेक्षा जास्त आवाज करत. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेली, मला हा सगळा पोरखेळच वाटायचा. पण गरज माझीच होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून बायकोच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. दोन महिने मीच भरवत होतो. घास पुढे केला की ती डोळे मिटून घ्यायची. आपल्या हाताने जेवायचंय, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी तिथे मनगटाला बांधायचा चमचा मागितला. झालं, सगळ्यांना काम मिळालं! पहिल्या शनिवारी चर्चा, दुसऱ्या शनिवारी त्या चर्चेवर चर्चा. आमटी पातळ की घट्ट, यावर मास्तरांनी तासभर घेतला. इंजिनिअरने मात्र विचारलं, "काका, एकदा काकूंना भेटायला येऊ का?"

"काही गरज नाही," मी म्हटलं. "अडतीस वर्षं ओळखतो मी तिला." हे घरी येऊन तिला ऐटीत सांगितलंही. ती झोपल्यावर व्हर्निअरने तिच्या मनगटाचं माप घेतलं, तेही दोनदा.

चौथ्या शनिवारी थ्री-डी प्रिंटरमधून निळा चमचा निघाला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. घरी जाऊन मी तो तिच्या मनगटावर बांधला. माप अगदी चोख. वरणभात मात्र पदरावर. हात उचलायला खांद्यात जोर लागतो, हे चार शनिवारांत एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं, मला धरून.

तिने डाव्या हाताने पट्टा सोडला.

"हा हात चांगला आहे माझा," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी याच हातात चमचा घेतला होता, तर तुम्ही काढून घेतलात. डाव्या हाताने कोणी जेवतं का, म्हणालात."

म्हणालो होतो खरा. बोलून विसरूनही गेलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही चार शनिवार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठलो, मांडणीवरचा रोजचा स्टीलचा चमचा आणला आणि तिच्या डाव्या हातात दिला. ती सावकाश जेवली. एक शीत सांडलं नाही.

शेवटचा घास घेऊन म्हणाली, "त्या मुलाला एकदा जेवायला बोलवा. भेटायला येऊ का, असं निदान विचारलं तरी त्याने."