वांग्यांसकट

बोलता बोलता तो मागे सरकायचा. आपण काही विचारावं आणि त्यानं उत्तर देत देत, एक डोळा बारीक करून, चार पावलं मागे जावं. नवख्या माणसाला वाटे, आपल्या तोंडाला वास येतो की काय. "तुमी हालू नका, मीच मांगं होतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. असाच मागे जाताना तो एकदा वाशिमच्या भाजीबाजारात एका बाईच्या टमाट्यांवर बसला. बाईनं त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याचा फोटो स्टुडिओ माझ्या फ्लेक्स छपाईच्या दुकानाला लागून होता. वाढदिवसाच्या फलकासाठी लोक मोबाइलभर फोटो घेऊन येतात. श्रद्धांजलीच्या फलकासाठी एकच आणतात, तोही ओळखपत्रावरचा. तो मोठा करता करता माझी निम्मी उमेद गेली आहे.

त्याचे वडील गेले तेव्हा हेच झालं. ओळखपत्रावरचा फोटो त्यानं स्वतः मोठा केला, डाग काढले, चौकट करून अनसिंगला, गावच्या घरी नेला. आईनं चौकट हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हा कोन मानूस आनला?" फोटोतला माणूस साहेबापुढे उभा केल्यासारखा दिसत होता, हे खरंच होतं. तिनं ती चौकट आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. आईचा एक तरी धड फोटो, ती हिंडतीफिरती आहे तोवर. आई मात्र कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढायची. म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढायला आलं म्हणजे लोकांच्या मनात काय असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मी मरून राह्यली का?" एवढंच ती विचारी, आणि याचा हात खाली येई.

म्हणून लेन्स. लांबून काढता येईल अशी, आणि फास्ट. फास्ट म्हणजे ती पळत नाही. कमी उजेडातही फोटो देते, एवढाच अर्थ. आई गावालगतच्या वावरात वांगी आणि मेथी पिकवायची, आणि तोडणीला तांबडं फुटायच्या आत वाफ्यात शिरायची. त्या उजेडात साधी लेन्स आंधळीच. निवड दोन लेन्समध्ये होती, पंच्याऐंशीची आणि एकशे पस्तीसची. आकडा जितका मोठा तितकं लांब उभं राहता येतं, असं त्यानं मला समजावलं. अनेकदा समजावलं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक असतानाही समजावलं.

शहाणपण पंच्याऐंशीत होतं. त्याचा गाळा बोळकांडीएवढा, तिथे तिनं कसेबसे फोटो निघाले असते. अकोल्याच्या एका मित्राकडून दोन्ही लेन्स मागून आणून तो वावरात गेला. पंच्याऐंशीला बांध ओलांडावा लागला आणि आईनं पदर ओढला. एकशे पस्तीसला तो विहिरीपाशीच थांबला. आईला पत्ताही लागला नाही, पण त्या दिवशी ती पाठमोरीच राहिली. परत आला आणि सरळ एकशे पस्तीस मागवली.

पुढे महिनाभर आमच्या रस्त्याची करमणूक झाली. गिऱ्हाईक गाळ्यात स्टुलावर आणि हा रस्त्यापलीकडे, रसवंतीच्या दारात. मधून ऑटो, म्हशी, शाळेची पोरं. पलीकडून हा ओरडायचा, हनुवटी खाली घ्या. ऑटोवाले हनुवटी खाली घ्यायचे.

शेवटी एका पहाटे फोटो मिळाला. मला दाखवायला आणला तेव्हा मी काम थांबवलं. म्हातारी वाफ्यात उभी, पदर खांद्यावर, डोळे कुठेतरी लांब. बाकी सगळं मऊ हिरव्या धुक्यात विरघळलेलं. मी फोटो छापणारा माणूस आहे, सहसा भारावत नाही. त्या दिवशी भारावलो.

आई भारावली नाही. तिनं फोटो उलटसुलट करून पाहिला.

"अन वांगे कुठी गेले?"

मागचं पुसट व्हावं म्हणूनच ही लेन्स महाग असते, असं त्यानं सांगितलं. ती खरंच दुखावली. "म्या इतकं पानी देलं बापू, अन तू सारं पुसून टाकलं?"

मग ती स्वतःच उठली. चांगलं लुगडं नेसली, वाफ्यात मधोमध जाऊन उभी राहिली आणि सारं दिसू दे म्हणाली. पदर तोंडावर गेला नाही, कारण फोटो आता तिचा नव्हता, वांग्यांचा होता. यानं लेन्सचं भोक बारीक केलं. झाडन् झाड, फळन् फळ स्वच्छ आलं, आणि त्यांच्यामध्ये ती, थेट आपल्याकडे बघणारी, थोडी मिजाशीत.

मी म्हटलं, हे तर तुझ्या जुन्या लेन्सनंही झालं असतं.

"झालं असतं," तो म्हणाला. "पन मंग माय उभी नसती राह्यली."

दोन पावसाळ्यांनी ती गेली. फलकासाठी त्याचा थोरला भाऊ माझ्याकडे आला. फोटोत भाजीपालाच जास्त दिसतो, नुसता चेहरा कापून घ्या, असं त्याचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. हा दारात उभा होता. "भाऊ, कापू नका," एवढंच मला म्हणाला. "वांग्यांसकट लावा."

मी तसाच छापला.

तेरवीला अनसिंगला गेलो. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका आल्या, त्या आत न जाता फलकापाशीच थांबल्या. एक जवळ गेली, बोट लावून म्हणाली, "काय वांगे आले होते वो बुढीचे." दुसरी म्हणाली, पाण्याची पाळी कधी चुकवली नाही तिनं. तिसरीनं बियाणं कुठलं होतं ते विचारलं. तो मागे पत्रावळींचा गठ्ठा घेऊन उभा होता. इतके दिवस तो कोरडा होता. आता गठ्ठा खाली ठेवून तो रडला, आणि त्या बायका वांग्यांचं बोलत राहिल्या.