तीनशेपंधरा की थर्टी-झिरो-सिक्स

वाशीमला आमचं बंदुकीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. काडतुसं, नळी साफ करायचं तेल, चामड्याचे पट्टे आणि वानरं पळवायचे फटाके असा सगळा कारभार. गिऱ्हाईक कमी आणि बसणारे जास्त. परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात, गप्पांना मात्र परवाना लागत नाही. त्यामुळे दुकानात माल साचत नाही, किस्से साचतात. तुम्ही चहा घेत असाल तर त्यातले चारदोन सांगतो.

दुकानासमोरच्या बाकावर रोज तिघं बसतात. अनसिंगचे शामराव भाजीपाला करतात. पहाटे वांगी-मिरच्या घेऊन बाजारात येतात आणि माल खपला की आमच्याकडे. त्यांच्याकडे वडिलांची तीनशेपंधरा बोअरची रायफल आहे. दुसरे वानखडे, कृषी खात्यातून निवृत्त. त्यांची रायफल थर्टी-झिरो-सिक्स. तिसरे मेडशीचे सलीमभाई, तुरीचे शेतकरी. त्यांच्याकडे साधी बारा बोअरची बंदूक, म्हणून या दोघांच्या भांडणात ते कायमचे पंच. शामराव आणि वानखडे शाळेपासूनचे दोस्त, आणि वाद एकच: कोणाचं काडतूस चांगलं?

आता खरं सांगायचं तर तीनशेपंधराची गोळी किंचित जाड असते, आणि थर्टी-झिरो-सिक्सचं काडतूस लांब. त्यात दारू जास्त, म्हणून गोळी लांबवर सरळ जाते आणि खांद्याला धक्काही जास्त बसतो. एवढी एकच गोष्ट, पण ती या दोघांना आयुष्यभर पुरली आहे.

एकदा वानखड्यांनी शामरावांच्याच पिशवीतून एक वांगं आणि एक मिरची काढून बाकावर ठेवली.

"हे वांगं म्हंजे तुही तीनशेपंधरा. जाडं, पण बुटकं. अन् हे मिरची म्हंजे माही. बारीक, पण लांब. आता सांग, तिखट कोण?"

शामरावांनी दोन्ही उचलून परत पिशवीत टाकलं. म्हणाले, "मिरचीनं डुक्कर मरते काय?"

वानखडे दोन दिवस बाकावर आले नाहीत.

डुकरावरून आठवलं. सलीमभाईंच्या तुरीत आणि भुईमुगात रानडुकरांनी धुडगूस घातला होता. वनखात्याची रीतसर परवानगी मिळाली. आपल्या बारा बोअरवर भरवसा नाही म्हणून सलीमभाईंनी दोघांनाही बोलावलं. उजाडायच्या वेळेला सगळे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसले. आता पहिली गोळी कोणाची, यावरून सुरुवात झाली. वानखडे म्हणाले, अंतर जास्त आहे, इथं माझंच काडतूस पाहिजे. शामराव म्हणाले, डुकराचं कातडं जाड असतं, गोळी जाडच पाहिजे. मग गोळीचं वजन, वारा, पल्ला, सगळं निघालं. तेवढ्यात डुकरांचा कळप आला, भुईमूग खाल्ला, पिल्लांनाही खाऊ घातला आणि पलीकडच्या नाल्यात उतरून गेला.

मी सलीमभाईंना विचारलं, "मग? कोणाची गोळी सरस ठरली?"

"दोघायचीबी लय भारी हाय," सलीमभाई म्हणाले. "फक्त नळीतून नाई निघत, तोंडातूनच निघते."

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीचे लोक बंदूक देतात, पावती घेतात, विसरून जातात. शामराव मात्र दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात जायचे, तेलाची बाटली घेऊन. "ओल लागते हो तिले," असं हवालदाराला सांगायचे. हवालदार भला माणूस. तो म्हणायचा, "काका, बोर्डिंगात ठेवलेल्या पोरीले भेटाले आल्यावानी येता तुमी."

वानखड्यांची तऱ्हा निराळी. त्यांनी हवालदाराला बाजूला घेऊन सांगितलं, की माझी रायफल शामरावच्या रायफलीशेजारी ठेवू नका.

"काहून? भांडतीन काय?"

"भांडत नाई. पण संगत खराब आहे."

एकदा एक कॉलेजातली मुलगी छऱ्यांची डबी विचारायला आली. एअर रायफलची खेळाडू, स्पर्धांना जाणारी. तिचे ते मसुरीच्या दाण्याएवढे छरे बघून दोघांनाही गंमत वाटली. शामरावांनी तिला विचारलं, "बाई, एवढ्याशानं काय होते?"

ती हसून म्हणाली, "काका, एकाच छिद्रातून पुन्हा पुन्हा जातो हा. तुमच्या मोठ्या काडतुसांचं काय होतं, की खांद्याला दणका बसणार हे माणसाला आधीच माहीत असतं. त्यामुळे ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात."

ती गेल्यावर दोघांनी मिळून तिला नावं ठेवली. दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण दुपारी वानखडे एकटेच आले आणि हळूच म्हणाले, "मी मिटतो काय रे डोये?" ते जाऊन अर्धा तास झाला नसेल, तर शामराव आले. त्यांचंही तेच.

आता यंदाची गोष्ट. शामरावांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते काही धड साधलं नाही. त्यात परवाना नव्याने करायची वेळ आली. मुलगा संदीप पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाबा, आता बंदूक सरकारजमा करून टाकू. दिसत नाही तर ठेवायची कशाला?"

शामराव बाकावर बसून राहिले. बायको वारल्यापासून बाजार आणि हा बाक, एवढंच त्यांचं बाहेर पडणं. म्हणाले, "बंदूक गेल्यावर मी अथी कायले येऊ?"

मला फार वाईट वाटलं. शेवटी सलीमभाईंनी तोड काढली. चांदमारीच्या मैदानावर परवानेवाल्यांचा सराव होता. तिथे शामरावांची एक जरी गोळी निशाणाच्या कागदाला लागली तर परवाना वाढवायचा, नाही तर बंदूक जमा. संदीप कबूल झाला.

मैदानावर शामराव आणि वानखडे शेजारीशेजारी, प्रत्येकापुढे आपापला कागद. मी मागे दुर्बीण घेऊन उभा. वानखड्यांची प्रत्येक गोळी कागदाच्या मधोमध बसत होती, इतका सुंदर नेम मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. शामरावांची प्रत्येक गोळी कागदाच्या वरून मागच्या मातीत जात होती. धुरळा उडत होता आणि मी तो बघत होतो.

नेमबाजी थांबल्यावर सगळे कागदांपाशी गेलो. शामरावांचा कागद कोरा. त्यांनी चष्मा काढला आणि उपरण्याने पुसत बसले. संदीपने बापाच्या पाठीवर हात ठेवला.

वानखडे आपल्या कागदापुढे उभे होते. एका छिद्रात बोट घालून म्हणाले, "हे माहे नाईत."

"म्हणजे?" संदीप म्हणाला.

"छेदं पाह्य ना, केवढे जाडे आहेत. हे तीनशेपंधराचे. शाम्या, लेका, तू माह्या कागदावर मारून राह्यला होता."

शेजारच्याच्या कागदावर गोळी मारणं ही चांदमारीतली नेहमीची चूक. पण संदीप हुशार पोरगा. त्याने विचारलं, "मग काका, तुमच्या गोळ्या कुठे गेल्या?"

वानखड्यांनी कोऱ्या कागदामागच्या मातीकडे बोट दाखवलं. "गेल्या तिकडं. थर्टी-झिरो-सिक्सले धक्का लय. नेम हालते."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला शामरावांनी सगळा जन्म घातला होता.

संदीप माझ्याकडे वळला. "तुम्ही दुर्बिणीतून बघत होतात ना?"

मी म्हणालो, "धुरळा फार होता."

तोवर शामरावांनी चष्मा लावला होता. वानखड्यांच्या कागदाला नाक लावून एकेक छिद्र चाचपत होते. मग छाती काढून म्हणाले, "पाह्यलं? किती वर्षांपासून सांगून राह्यलो याले, तुह्या त्या काडतुसात दम नाई. आता तरी मान."

"मानलं," वानखडे म्हणाले.

संदीप बापाला घेऊन गाडीकडे गेला. शामराव जाताना सलीमभाईंना नेम कसा धरायचा ते समजावून सांगत होते. वानखड्यांनी आपली रायफल पिशवीत घातली, चेन लावली आणि बापलेक लांब जाईपर्यंत थांबले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

"त्यानं काडतुसं मांगतली, तर माल आला नाई म्हणून सांगजो."